संकल्पातील संख्या

साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णा आणि वेण्णा एकत्र होतात. पुढे तीच कृष्णा सांगलीवरून जाते आणि हरिपुरास तिला वारणा मिळते. या दोन्ही संगमांवर सकाळच्या वेळी कोणी गृहस्थ तळहातावर पाणी घेऊन बसलेला दिसतो, आणि समोर बसलेले उपाध्याय त्याच्याकडून संकल्प म्हणवून घेत असतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सत्यनारायणाला, मुंजीला, निदान गणेशचतुर्थीला तरी हा संकल्प झालेला आहे. आपण तो अर्धवट ऐकतो, आचमन करतो आणि केव्हा एकदा आरती होते याची वाट पाहतो. पण त्या संकल्पात एक पत्ता सांगितलेला असतो. टपालाच्या पाकिटावर जसा आपण देश, जिल्हा, तालुका, गाव आणि घर असा पत्ता लिहितो, तसाच हा काळाचा पत्ता आहे. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा अर्ध, त्यात श्वेतवाराह नावाचा कल्प, त्यात सातवा वैवस्वत मनू, त्यात अठ्ठाविसावे युगचतुष्टय, त्यातले कलियुग, त्याचा पहिला चरण. आणि मग खाली उतरत उतरत संवत्सर, मास, तिथी व वार. या पत्त्यात एक फार मोठी संख्या दडलेली आहे. तिच्याविषयी मला आज बोलावयाचे आहे. कागद-पेन्सिल हाताशी असल्यास बरे.

या संख्येशी माझा पहिला संबंध आला तो फारसा अभिमानास्पद नाही. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी सातारा जिल्ह्यातील एका लहान गावी सातवीला गणित शिकवीत असे. वर्गात एका भिक्षुकाचा मुलगा होता. एके दिवशी त्याने विचारले, "गुरुजी, बाबा संकल्पात कल्प म्हणतात. त्या कल्पाचे दिवस किती? आणि तो संपून दुसरा सुरू होईल तेव्हा वार कोणता असेल?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि "पुराणातली वांगी पुराणात" असे म्हणून त्याला खाली बसविले. मुलगा बसला. त्याचा प्रश्न गणिताचा होता आणि मी गणिताचा शिक्षक होतो, ही गोष्ट माझ्या ध्यानी आली ती पुष्कळ वर्षांनी, सेवानिवृत्त होऊन सांगलीस राहावयास आल्यावर, एका दुपारी भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणि' भाषांतरासह चाळीत असताना.

प्रथम वर्षांचा हिशेब पाहू. कलियुगाची वर्षे ४,३२,००० मानलेली आहेत. द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. एक, दोन, तीन व चार यांची बेरीज दहा, म्हणून चार युगांचे एक महायुग ४३,२०,००० वर्षांचे झाले. अशी हजार महायुगे म्हणजे कल्प, ब्रह्मदेवाचा एक दिवस. त्याची वर्षे ४,३२,००,००,०००, म्हणजे चारशे बत्तीस कोटी. आता एका कल्पात चौदा मनू, आणि प्रत्येक मनूची महायुगे एकाहत्तर. चौदा गुणिले एकाहत्तर करून पाहा. हजार येत नाहीत, ९९४ येतात. सहा महायुगे कमी पडली. ती भरून काढण्यासाठी मनूंच्या आधी, मध्ये आणि शेवटी मिळून पंधरा संधी घातले आहेत, आणि प्रत्येक संधी एका कृतयुगाएवढा, म्हणजे महायुगाच्या चार दशांशाइतका आहे. पंधरा वेळा चार दशांश म्हणजे बरोबर सहा. वही जुळली. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता. त्याने मनूला बहात्तर महायुगे देऊन संधी काढूनच टाकले, त्यामुळे त्याचा कल्प १००८ महायुगांचा झाला. सुटसुटीतपणा त्यात होता, पण ती स्मृतिपुराणांची परंपरा नव्हती. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये यावर त्याला दोष दिला व हजार महायुगांचाच कल्प धरला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणि' रचला, तेव्हा त्यांनी ब्रह्मगुप्ताचेच अंक स्वीकारले.

आता संकल्पातला पत्ता संख्येत लिहू. सोयीसाठी एक कलियुग हे माप घेऊ. त्या मापाने कल्प बरोबर दहा हजार होतो. गेलेले मनू सहा. प्रत्येकाची ७१० मापे, म्हणून ४२६०. गेलेले संधी सात. प्रत्येकाची चार, म्हणून २८. चालू मनूतील गेलेली महायुगे सत्तावीस, त्यांची २७०. अठ्ठाविसाव्या महायुगातील कृत, त्रेता व द्वापर मिळून नऊ. बेरीज करा: ४५६७. चार, पाच, सहा, सात! मी ही बेरीज तीनदा केली, कारण इतके ओळीने आलेले अंक पाहून आपलेच काहीतरी चुकले असे वाटते. पण चूक नाही. कलियुग लागले तेव्हा कल्पाच्या दहा हजार भागांपैकी ४५६७ भाग संपले होते. वर्षांत ते १,९७,२९,४४,००० होतात.

येथे एक गोष्ट बाजूस सारून टाकतो. पृथ्वीचे वय आजचे भूशास्त्र सुमारे ४५४ कोटी वर्षे मानते, आणि कल्प ४३२ कोटी वर्षांचा. तेव्हा पूर्वजांना हे ठाऊकच होते, असे सांगणारे सद्गृहस्थ आपणा सर्वांना भेटतात. त्यांनी संकल्प नीट ऐकलेला नसतो. संकल्पाप्रमाणे कल्पाची केवळ १९७ कोटी वर्षे गेली आहेत. मेळ कोठे बसला? या संख्येचा खरा मान दुसरीकडे आहे, आणि तो अशा उसन्या मोठेपणाहून मला अधिक वाटतो.

तो कोठे, हे कळण्यास दिवसांकडे वळले पाहिजे. ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य यांच्या मते एका कल्पाचे सावन दिवस, म्हणजे सूर्योदय ते सूर्योदय असे दिवस, १५,७७,९१,६४,५०,००० आहेत. 'लीलावती'तील स्थाननामांनी वाचल्यास एक महापद्म, पाच निखर्व, सात खर्व, सात अब्ज, नऊ अर्बुद, एक कोटि, सहा प्रयुत, चार लक्ष, पाच अयुत. श्लोकात ही संख्या अंकांनी लिहीत नसत. शून्याला आकाश, चाराला वेद, पाचाला बाण, साताला पर्वत अशा शब्दांनी, एकं स्थानापासून आरंभ करून, ती वृत्तात बसवीत असत. त्यात मोठा फायदा होता. नकलकाराच्या हातून एखादा अंक चुकला तर कोणाला कळणार? पण शब्द चुकला तर बहुधा वृत्त मोडते आणि म्हणणारा अडखळतो. तेरा अंकी संख्या सुमारे चौदाशे वर्षे सुखरूप पोचण्यात या युक्तीचा वाटा मोठा आहे.

इतकी मोठी संख्या कशासाठी? शून्यांचा ढीग दाखवून लोकांस दिपविण्यासाठी नव्हे. ज्योतिष्याला प्रत्येक ग्रहाची गती हवी असते, आणि ती कधीच पूर्णांकात येत नाही. आजच्यासारखी दशांश अपूर्णांकांची लेखनपद्धती तेव्हा नव्हती. मग एवढा दीर्घ काळ घ्यावयाचा, की त्यात सर्व ग्रहांच्या फेऱ्या पूर्णांकी होतील. मग गती म्हणजे दोन पूर्णांकांचा भागाकार. कल्पातील या फेऱ्यांना भगण म्हणतात. सूर्याचे भगण जितकी वर्षे तितके. चंद्राचे ५७,७५,३३,००,०००. मंगळाचे २,२९,६८,२८,५२२. गुरूचे ३६,४२,२६,४५५. शनीचे १४,६५,६७,२९८. चंद्राच्या भगणांतून सूर्याचे वजा केले की चांद्रमास मिळतात. त्यांनी दिवसांना भागिल्यास एका चांद्रमासाचे २९.५३०५८२ दिवस येतात. आजचे मान २९.५३०५८९ आहे. महिन्याला सेकंदभरही अंतर नाही. हे काम शून्यांच्या ढिगाने होत नाही.

मंगळाच्या संख्येकडे पुन्हा पाहा. ती ...८५२२ अशी का संपते? ८५२३ का नाही? शाळेत मी याला लहरीपणा म्हटले असते. पण आपल्याजवळ आता ४५६७ ची किल्ली आहे. कल्पारंभी सर्व ग्रह मेषारंभी एकत्र होते असे गृहीत आहे. तेव्हा कलियुगाच्या आरंभी मंगळ कोठे होता हे काढण्यास त्याच्या भगणांना ४५६७ ने गुणून दहा हजाराने भागावयाचे. पूर्ण फेऱ्या सोडून देऊ. उरते ते केवळ शेवटच्या चार अंकांमुळे. ८५२२ गुणिले ४५६७ म्हणजे ३,८९,१९,९७४. शेवटचे चार अंक ९९७४. म्हणजे मंगळ फेरीचे दहा हजारांपैकी ९९७४ भाग चालून आला होता. मेषारंभाला पोचण्यास एक अंशही उरला नव्हता. गुरूचे ६४५५ घ्या: उरतात ९९८५, म्हणजे अर्ध्या अंशाच्या जवळपास मागे. शनीचे ७२९८ घ्या: उरतात ९९६६, सव्वा अंश मागे. सूर्य व चंद्र यांच्या संख्यांच्या शेवटी चार शून्ये आहेत, म्हणून ते बरोबर आरंभी.

त्या दुपारी हे उलगडले तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. संख्येची डावी बाजू ग्रहाची गती सांगते. उजवीकडील शेवटचे चार अंक ग्रहाला कलियुगाच्या आरंभी हव्या त्या जागी नेऊन बसवितात. आणि ४५६७ हा सम नाही, पाचाने विभाज्य नाही, म्हणजे दहा हजाराशी त्याचा एकही साधारण विभाजक नाही. म्हणून शेवटचे चार अंक योग्य निवडून दहा हजारांपैकी कोणतीही जागा साधता येते. या निवडीने गती बदलते ती वर्षाला तीन विकलांहूनही कमी. येथे ज्योतिष्याचा हात दिसतो. ग्रह आज कोठे दिसतात हे त्याला ठाऊक होते, गती ठाऊक होती, कल्पाची लांबी परंपरेने ठरविलेली होती; त्याने या सर्वांना एका पूर्णांकात बांधले. ज्यास कुट्टक म्हणतात ते गणित आपल्याकडे इतके का वाढले, याचे एक कारण अशाच प्रश्नांत आहे.

मात्र यावरून कलियुगाच्या आरंभी, म्हणजे इसवी सनापूर्वी ३१०२ मधील १८ फेब्रुवारीस, ग्रह खरोखर असे एकवटले होते असे कोणी समजू नये. आधुनिक गणिताने पाहता ते तेव्हा इतके जवळ नव्हते. तो योग आकाशात पाहिलेला नव्हे, मागे मोजीत जाऊन मांडलेला आहे.

आता त्या मुलाचा वार. दिवसांची तेरा अंकी संख्या आणि वर्षांची दहा अंकी संख्या यांचा मसावि काढा. माझ्या आजोबांच्या अंकगणितात याला दृढभाजक म्हणत. तो १३,५०,००० निघतो. दोन्ही संख्यांना त्याने भागिले की ३२०० वर्षे व ११,६८,८२७ दिवस एवढे सुटसुटीत प्रमाण हाती येते. केवढा डोंगर आणि त्यातून निघाले काय! बत्तीसशे वर्षांचे दिवस बरोबर अकरा लक्ष अडुसष्ट हजार आठशे सत्तावीस. एका वर्षाचे ३६५ दिवस, १५ घटी, ३० पळे, साडेबावीस विपळे. कलियुगापूर्वी गेलेल्या वर्षांत ३२०० चे असे फेरे ६,१६,५४५ बसतात, बाकी काही उरत नाही. गुणाकार केला म्हणजे कलियुगारंभाचा अहर्गण ७,२०,६३,४४,४२,७१५ येतो. साताने भागल्यावर बाकी पाच. कल्पाचा पहिला दिवस रविवार मानलेला आहे. रविवारपासून पाच वार पुढे गेले की शुक्रवार. आणि इसवी सनापूर्वी ३१०२ मधील तो १८ फेब्रुवारी, आजच्या कालगणनेने मागे मोजीत गेले तरी, शुक्रवारच येतो. बारा अंकी संख्येत एकाचा जरी फेर पडला असता तरी वार चुकला असता.

सूर्याचे गणित असे ३२०० वर्षांत मिटते, पण सर्व ग्रहांचे मिटत नाही. मंगळाची भगणसंख्या आणि कल्पाचे दिवस यांचा मसावि अवघा दोन आहे, गुरूचा पाच. म्हणजे पूर्ण दिवसांच्या हिशेबात मंगळ अर्ध्या कल्पाच्या आत पहिल्या जागी येत नाही, गुरू कल्पाच्या पाचव्या भागाच्या आत येत नाही, आणि दोघे मिळून यावयाचे तर संपूर्ण कल्प लागतो.

इतकी घट्ट विणलेली वस्तू दुरुस्त करणे मात्र कठीण. भास्कराचार्यांच्या वर्षाचे मान खऱ्या नाक्षत्र वर्षाहून सुमारे तीन मिनिटांनी मोठे आहे. तीन मिनिटे म्हणजे काय, असे आपण म्हणू. पण हजार वर्षांत दोन दिवस होतात, आणि कल्पभर मोजल्यास सुमारे नव्वद लक्ष दिवस. भास्कराचार्यांना मर्यादा ठाऊक होती. आपल्याच ग्रंथावरील टीकेत त्यांनी म्हटले आहे की काही फेऱ्या पडताळण्यास शेकडो वर्षे लागतात, एका मनुष्याचे आयुष्य त्याला पुरत नाही, म्हणून आगमाचा आधार घ्यावा लागतो. हा प्रामाणिकपणा पुढील काही पंचांगकर्त्यांत राहिला नाही. त्यांनी अंक घेतले आणि ही कबुली सोडून दिली.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी वेगळा मार्ग धरला. त्यांचे वडील केशव दैवज्ञ आकाश पाहून गणित तपासणारे होते. गणेशांनी १५२० मध्ये, शके १४४२ स, 'ग्रहलाघव' लिहिला तेव्हा कल्प, महायुग, कलियुग सर्व सोडून देऊन आपल्याच शकापासून आरंभ केला, आणि अकरा वर्षांचे एक चक्र घेतले. त्या चक्राचे दिवस ४०१६. बारा अंकी अहर्गणाच्या जागी चार अंकी! सामान्य जोशीही पाटीवर पंचांग करू लागला. महाराष्ट्रातील पंचांगे पुढे तीन शतकांहून अधिक काळ याच ग्रंथावर चालली. मला भास्कराचार्यांविषयी आदर आहे, पण गणेश दैवज्ञांविषयी जिव्हाळा वाटतो. शिक्षकाला सोपे करणारा माणूस आवडतो.

पण कालांतराने 'ग्रहलाघव'ही आकाशाशी जुळेनासे झाले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून नव्या मानाने पंचांग निघू लागले. तेथून वाद पेटला. वर्षमान कोणते, नक्षत्रचक्राचा आरंभ कोणत्या तारेपासून, सायन की निरयन? शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या १८९६ च्या ग्रंथात या वादाचा इतिहास ज्या समतोलपणे मांडला आहे, तसा तो पुन्हा कोणाला साधला असे मला वाटत नाही. लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाचा पुरस्कार केला. १९०४ मध्ये मुंबईस परिषद झाली, आणि १९२० मध्ये आमच्या सांगलीस ज्योतिषसंमेलन भरले. सांगली तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते, आणि आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यात होता. पुढे दक्षिण सातारा म्हणून जो जिल्हा झाला त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. हा वाद केवळ शास्त्र्यांचा नव्हता. आरंभस्थानाच्या मतभेदामुळे कधी कधी अधिक मास निराळा पडे, आणि एकाच आळीत एका घरची दिवाळी दुसऱ्या घरच्या दिवाळीहून महिनाभर आधी होई. सासर एका पंचांगाचे आणि माहेर दुसऱ्याचे, अशा सुनेने भाऊबीज केव्हा करावी? स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने १९५५ मध्ये अहवाल दिला, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. आज आपल्याकडील प्रमुख पंचांगे आधुनिक ग्रहगणितावरच तयार होतात. कल्पाच्या भगणांना आता गणितात काम उरलेले नाही. ती संख्या राहिली आहे फक्त संकल्पात.

गेल्या चैत्रात काही कामानिमित्त मी साताऱ्यास गेलो होतो, तेव्हा मुद्दाम माहुलीच्या घाटावर उतरलो. तो मुलगा आता पन्नाशीचा झाला आहे आणि वडिलांचेच काम करतो. मी त्याला ओळखले नाही, त्याने मला ओळखले. मी खिशातून कागद काढला आणि पायरीवर बसून त्याला हिशेब दाखविला: कल्पात ३२०० वर्षांचे फेरे १३,५०,०००; त्याला साताने भागून बाकी एक; ११,६८,८२७ ला साताने भागून बाकी दोन; दोन एके दोन; रविवारपासून दोन वार पुढे. त्याने कागद घेतला नाही. बोटांच्या पेरांवर स्वतःच एकदा मोजून पाहिले. कल्पाचा आरंभ चैत्र शुद्ध प्रतिपदेचा, हे त्याला सांगावे लागले नाही.

"म्हणजे पाडवा मंगळवारी आला, गुरुजी," तो म्हणाला.